सम्राटाच्या दालनातून आई-बाबांना

ट्रिअर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

तुम्हां दोघांना प्रेमपूर्वक सलाम.

मागच्या आठवड्यात फोनवरचे बोलणे अर्ध्यावर राहिले, तेव्हापासून ते माझ्या मनात घोळते आहे. बाबा, मंडळीतल्या बायबल वर्गात तुम्ही रोमचा पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याच्याविषयी बोलणार आहात, आणि तीनशे वर्षे छळ सोसलेल्या मंडळीला देवाने अखेर रोमचे सिंहासन मिळवून दिले, असा तुमच्या बोलण्याचा ओघ असणार आहे, असे तुम्ही सांगितलेत. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "सिंहासन मिळाल्यावर आपण दुसऱ्यांशी कसे वागलो, तेही सांगा म्हणावे." त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, पण ते फोनवर मावणारे नव्हते. आई, तू "ते कसे वागले" असे न विचारता "आपण कसे वागलो" असे विचारलेस, ही गोष्ट मला फार भिडली. तेव्हा सगळे शांतपणे लिहून काढते आहे.

मी दर रविवारी ज्या इमारतीत उपासनेला जाते, ती तुम्ही फोटोंत पाहिली आहे. ती मुळात चर्च नव्हती. चौथ्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टंटाइनचा मुक्काम आजच्या जर्मनीतल्या या शहरात असे, तेव्हा बांधलेले ते त्याच्या राजवाड्याचे दरबारी दालन आहे. लांबी सुमारे ६७ मीटर, रुंदी २७, उंची ३३, आणि मध्ये एकही खांब नाही. उत्तरेच्या टोकाच्या अर्धवर्तुळात सम्राटाचे आसन असे, आणि त्याच्यासमोर येणाऱ्या माणसाला ते सगळे अंतर चालत जावे लागे. १८५६ साली हे दालन प्रोटेस्टंट मंडळीकडे आले, १९४४च्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले, पुन्हा उभे राहिले, आणि आज त्या अर्धवर्तुळात प्रभुभोजनाचे मेज आहे. भिंतींच्या विटा उघड्याच ठेवल्या आहेत. प्रार्थनेला डोके खाली घालण्याआधी माझी नजर त्या विटांवर जाते आणि तुझाच प्रश्न, आई, माझ्यापुढे पुष्कळदा उभा राहिला आहे.

बाबा, आधी एक दुरुस्ती. तीनशे वर्षे अखंड छळ झाला, असे चित्र आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते तसे नव्हते. सम्राट नीरोने ६४ साली रोमच्या आगीचे खापर ख्रिस्ती लोकांवर फोडले, त्यांना भयंकर रीतीने मारले, पण ते रोम शहरापुरते होते. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे जो छळ झाला तो एखाद्या गावचा, एखाद्या राज्यपालाच्या कारकिर्दीतला, बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून झालेला होता. साम्राज्यभर लागू होणारा पहिला हुकूम निघाला तो २४९–२५०मध्ये, सम्राट डेशियसच्या राज्यात. हे सांगितल्याने रक्तसाक्ष्यांचे मोल कमी होत नाही. उलट राज्यकर्त्यांना नेमके काय खुपत होते, हे त्यामुळे स्पष्ट दिसते.

ते समजायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही. तुमची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवणारी पत्रे तुम्ही कितीतरी लिहिली असतील. ११२च्या सुमारास, आजच्या उत्तर तुर्कस्तानातील बिथिनिया-पाँटस प्रांताच्या राज्यपालाने, म्हणजे प्लिनीने, सम्राट ट्रेजनला असेच एक पत्र लिहिले. ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांना मी पूर्वी कधी हजर नव्हतो, असे सुरुवातीलाच सांगून तो विचारतो की वयाचा विचार करावा काय, पश्चात्ताप केल्यास माफी द्यावी काय, आणि शिक्षा नुसते ख्रिस्ती हे नाव धारण करण्यासाठी द्यायची की त्या नावाखाली केलेल्या गुन्ह्यांसाठी. आपण काय केले तेही तो कळवतो. तीनदा विचारायचे, शिक्षेची धमकी द्यायची, तरीही हट्ट सोडला नाही तर मृत्युदंड द्यायचा; रोमन नागरिक असेल तर रोमला पाठवायचे. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि द्राक्षारस वाहून ज्याने ख्रिस्ताला शाप दिला, त्याला सोडून द्यायचे. खरे काय ते काढून घेण्यासाठी त्याने दोन गुलाम स्त्रियांना यातना दिल्या, ज्यांना मंडळीत "सेविका" म्हणत. आई, हा तोच शब्द, जो तुमच्या महिला मंडळात आजही चालतो. त्यांची नावे प्लिनीने लिहिली नाहीत. त्याला एवढेच कळले की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, आणि चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात.

ट्रेजनचे उत्तर अगदी आटोपशीर आहे: त्यांना शोधत फिरू नये, तक्रार येऊन शाबित झाल्यास शिक्षा करावी, जो नाकारून आमच्या देवांची पूजा करील त्याला माफ करावे, निनावी अर्जाला थारा देऊ नये, ते आपल्या काळाला शोभत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने पुढे या उत्तरावर बोट ठेवले की दोषी आहेत तर शोधत का नाही, आणि निर्दोष आहेत तर शिक्षा कशासाठी.

याच प्लिनीने दुसऱ्या एका पत्रात, निकोमेडिया शहरात मोठी आग लागल्यावर, दीडशे लोकांचे अग्निशामक पथक स्थापण्याची परवानगी मागितली होती आणि ट्रेजनने ती नाकारली. कारण असे दिले की कोणत्याही नावाने, कोणत्याही हेतूने माणसे एकत्र आली की त्यांचे लवकरच राजकीय टोळके होते. आग विझवणाऱ्यांचीही ज्या राजवटीला धास्ती वाटते, तिला पहाटे जमणाऱ्या मंडळीविषयी काय वाटत असेल, याची कल्पना यावरून येते. तुमच्या अंतःकरणात काय आहे, हे रोमने विचारले नाही. चिमूटभर धूप मागितला. त्यांच्या दृष्टीने देवांना संतुष्ट ठेवणे हे कर भरण्यासारखे सार्वजनिक कर्तव्य होते. ख्रिस्ती लोक कर भरत होते, सम्राटासाठी प्रार्थनाही करत होते, पण सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप घालायला तयार नव्हते. कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला, या वचनातली सीमारेषा त्या चिमटीत येऊन थांबली होती.

आता माझ्या कामाच्या विषयाकडे येते, म्हणजे पपायरसांकडे, लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्राचीन लेखांकडे. डेशियसने हुकूम काढला की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले टिकून राहिले, बहुतेक २५० सालच्या जून-जुलैतले. बाबा, ते वाचताना मला तुमच्या टेबलावरच्या अर्जांची आठवण होते. अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, शरीरावरची खूण, मग "मी नेहमीच देवांना बळी अर्पण करत आलो आहे आणि आताही आपल्या समक्ष, आज्ञेप्रमाणे, अर्पण केले, पेय ओतले, प्रसाद खाल्ला, तसे खाली नमूद करावे ही विनंती", आणि खाली समितीच्या लोकांची सही. एक अर्जदार बहात्तर वर्षांचा आहे, उजव्या भुवईवर व्रण असलेला. एका बाईचा अर्ज आहे, ती पेटेसुखोस या मगरदेवाची पुजारीण, आणि दाखला तिलाही घ्यावा लागला. अर्जदारांपैकी ख्रिस्ती कोण होते, ते त्या कागदांवरून कळत नाही. पण कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्या लिखाणावरून दिसते की पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने अर्पण केले, काहींनी अर्पण न करताच पैसे देऊन दाखला मिळवला, आणि छळ थांबल्यावर या पडलेल्यांना मंडळीत परत घ्यावे काय, यावरून मोठा वाद झाला. सिप्रियन स्वतः २५८ साली मारला गेला. त्या बहात्तर वर्षांच्या माणसाच्या ओळीपाशी मी नेहमी थबकते. त्या वयाचे तुम्ही दोघे आहात, म्हणून असेल.

याच काळात ख्रिस्ती लेखकांनी एक गोष्ट मांडली, जी मला आपल्या वारशातली सर्वांत मौल्यवान गोष्ट वाटते. टर्टुलियनने २१२च्या सुमारास आफ्रिकेच्या राज्यपालाला लिहिले की आपापल्या समजुतीप्रमाणे उपासना करणे हा माणसाचा नैसर्गिक अधिकार आहे, आणि धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे. शंभर वर्षांनी लॅक्टॅन्शियसने तेच अधिक ठामपणे लिहिले की धर्माचे रक्षण मारून नव्हे तर मरून करायचे असते. हा लॅक्टॅन्शियस म्हातारपणी कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा, क्रिस्पसचा, शिक्षक म्हणून ट्रिअरला आला होता.

सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली सुरू केलेल्या शेवटच्या मोठ्या छळाबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण ते तुम्हांला ठाऊक आहे: चर्चे पाडली, शास्त्रग्रंथ जाळले, अनेकांचे प्राण गेले. ३११ साली मरणासन्न सम्राट गॅलेरियसने तो छळ मागे घेतला आणि ख्रिस्ती लोकांना सांगितले की तुमच्या देवाकडे आमच्यासाठी, राज्यासाठी आणि स्वतःसाठी प्रार्थना करा. ३१२मध्ये कॉन्स्टंटाइनने रोमजवळच्या मिल्व्हियन पुलापाशी आपला प्रतिस्पर्धी मॅक्सेन्शियस याचा पराभव केला, आणि ३१३च्या आरंभी मिलानमध्ये त्याची आणि सहसम्राट लिसिनियसची भेट झाली. आपण ज्याला मिलानचा आदेश म्हणतो तो लॅक्टॅन्शियसने जपून ठेवला आहे, आणि बाबा, तो खरे पाहता राज्यपालाला पाठवलेले परिपत्रक आहे. १३ जून ३१३ रोजी निकोमेडियात ते लावण्यात आले. त्यात ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांनाही, ज्याला जो धर्म योग्य वाटेल तो पाळण्याची मोकळीक दिली आहे. वर्गात काही वाचून दाखवायचे असेल, तर हेच वाचा. कैसराने त्या दिवशी टर्टुलियनचे म्हणणे मान्य केले होते.

आता आईचा प्रश्न.

ती मोकळीक का टिकली नाही, याचे कारण मला राजकारणापेक्षा हिशेबाच्या वह्यांत जास्त सापडते. कॉन्स्टंटाइनने कार्थेजचा बिशप सेसिलियन याला पैशांच्या तीन हजार पिशव्या पाठवल्या आणि पाळकांना सार्वजनिक कामांच्या बोजातून सूट दिली. पण आफ्रिकेत दोन मंडळ्या होत्या. छळाच्या वेळी शास्त्रग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करणाऱ्याच्या हातून सेसिलियनचा अभिषेक झाला, असा आरोप करून दुसरा पक्ष वेगळा झाला होता. पुढे त्यांना डोनाटिस्ट म्हणू लागले. अनुदान आले की पात्र कोण, हे ठरवावे लागते, हे तुम्हांला सांगायला नको. खरी मंडळी कोणती, हे राज्याला ठरवावे लागले. मंडळीनेच ते राज्याकडे नेले होते, कारण डोनाटिस्टांनी स्वतः सम्राटाकडे दाद मागितली. रोमला सभा झाली, ३१४ साली आर्लला झाली, निकाल विरुद्ध गेला, आणि ३१७मध्ये कार्थेजच्या ख्रिस्ती माणसांवर ख्रिस्ती सम्राटाचे सैनिक चालून गेले. मिलानच्या परिपत्रकाला तेव्हा चारच वर्षे झाली होती. ३२१ साली कॉन्स्टंटाइनने सक्ती थांबवली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुढे त्याच्या मुलाचे दूत पैसे घेऊन आले, तेव्हा डोनाटिस्टांचा पुढारी डोनाटस याने विचारले, "सम्राटाचा मंडळीशी संबंध काय?" तो प्रश्न त्यांना खटला हरल्यावर सुचला, हे मी विसरत नाही, तरी तो प्रश्न योग्यच होता.

३२५च्या नायसिया इथल्या बिशपांच्या सभेत मी फार रेंगाळत नाही. तिथे ठरलेला विश्वासांगीकार माझ्याही विश्वासाचा आधार आहे. पण सरकारी टपालाच्या गाड्यांतून बिशप तिथे पोहोचले, अजून बाप्तिस्मा न झालेल्या सम्राटाने सभा बोलावली, आणि ज्यांनी सही केली नाही त्यांना हद्दपार केले. दहाच वर्षांनी वारा फिरला आणि नायसियाचा कैवारी अथानासियस हद्दपार झाला. अलेक्झांड्रियाहून राजधानीला जाणारे धान्य अडवण्याची धमकी त्याने दिली, असा आरोप होता, आणि त्याला धाडले ते इथे, ट्रिअरला. पुढे त्याच अथानासियसला दोषी ठरवायला नकार दिल्याबद्दल इथला बिशप पौलिनस याला ३५३ साली फ्रिजियाला पाठवले; तो तिकडेच वारला. त्याच्या नावाचे चर्च माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

२७ फेब्रुवारी ३८० रोजी सम्राट थिओडोशियसने आज्ञा काढली की आपल्या सत्तेखालच्या सर्व लोकांनी रोमचा बिशप डमासस आणि अलेक्झांड्रियाचा बिशप पेत्र जो विश्वास मानतात तोच मानावा. बाकीचे वेडे ठरतील, त्यांच्या सभास्थानांना चर्च म्हणता येणार नाही, आणि त्यांना आधी देव व मग आम्ही शिक्षा करू. चार वर्षांनी, रोमच्या सिनेटमधून विजयदेवीची वेदी काढून टाकल्यावर, जुन्या धर्माचा सिमाखस सम्राटाला विनवत होता की एवढ्या महान गूढापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येत नाही. पूर्वी कैसरासमोर सहिष्णुता मागणारे आपण होतो. आता ती मागणारा दुसरा होता, आणि नको म्हणून सांगणारा मिलानचा बिशप अँब्रोज होता.

आणि मग ट्रिअर. प्रिसिलियन हा स्पेनमधल्या आव्हिलाचा बिशप. तो कडक व्रतस्थ होता, आणि त्याच्या शिकवणुकीबद्दल इतर बिशपांना संशय होता. बोर्दोच्या सभेत प्रकरण गेल्यावर त्याने सम्राटाकडे दाद मागितली, आणि सम्राट मॅग्नस मॅक्सिमसचा दरबार याच शहरात होता. फिर्यादी बिशपच होते, इथेसियस आणि हिडेशियस. तूरचा मार्टिन, ज्याने आपला अर्धा झगा भिकाऱ्याला दिल्याची गोष्ट, आई, तू आम्हांला सांगायचीस, तो इथे आला आणि सम्राटाला म्हणाला की पाखंडी ठरलेल्यांना मंडळीतून काढले एवढे पुरे, रक्त सांडू नका, मंडळीचा खटला राज्याच्या न्यायाधीशाने चालवणे ही आजवर न ऐकलेली गोष्ट आहे. मार्टिन इथे असेपर्यंत खटला थांबला होता. तसे वचनही त्याला मिळाले. तो गेला, आणि यातना देऊन जादूटोण्याची कबुली घेण्यात आली. ३८५च्या सुमारास प्रिसिलियनचा आणि त्याच्या काही साथीदारांचा शिरच्छेद झाला, त्यांत युक्रोशिया नावाची एक विधवाही होती. ख्रिस्ती बिशपांच्या फिर्यादीवरून ख्रिस्ती राज्याने ख्रिस्ती माणसाला ठार मारण्याची ही पहिली वेळ. प्लिनीने त्या दोन सेविकांना दिल्या त्या यातनांना अजून तीनशे वर्षेही झाली नव्हती.

सगळे गप्प बसले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. अँब्रोजने त्या बिशपांशी सहभागिता ठेवायला नकार दिला. मार्टिन पुन्हा ट्रिअरला आला आणि त्यानेही नकार दिला. पण स्पेनमध्ये शोध घेऊन माणसे मारायला अधिकारी पाठवण्याची तयारी चालली आहे, हे कळल्यावर त्यांचे प्राण वाचवण्यासाठी त्याने एकदाच त्या बिशपांबरोबर प्रभुभोजन घेतले. त्या एका दिवसाचा सल त्याच्या मनातून गेला नाही. पुढे जगला तितकी वर्षे तो बिशपांच्या एकाही सभेला गेला नाही.

अँब्रोजचे मला कोडे पडते. ३९० साली थेस्सलनीकात थिओडोशियसच्या हुकमावरून हजारो नागरिकांची कत्तल झाली, तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला त्याने प्रभुभोजन नाकारले आणि सम्राटाला सर्वांसमोर पश्चात्ताप करावा लागला. राजालाही जाब द्यावा लागतो, ही केवढी मोठी गोष्ट! पण दोनच वर्षांपूर्वी युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकमला ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचे सभास्थान जाळले होते, सम्राटाने ते बिशपाच्या खर्चाने बांधून देण्याचा न्याय्य हुकूम दिला होता, आणि याच अँब्रोजने तसाच दबाव आणून तो मागे घ्यायला लावला होता. तोच माणूस, तीच वेदी, तेच धैर्य. पहिली गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली; दुसरी मला पंचविशीत, परक्या देशात, ग्रंथालयात बसून कळली.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याचेही तसेच. कोणालाही बळाने ऐक्यात आणू नये, असे त्याचे आधीचे मत होते. मग डोनाटिस्टांविरुद्धचे कायदे कडक झाले, त्याच्या गावचे लोक भीतीने का होईना मंडळीत आले, आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यातले "त्यांना आत येण्यास भाग पाड" हे शब्द त्याने सक्तीच्या बाजूने वापरले. त्याला छळ नको होता, मृत्युदंड तर नकोच होता. पण ते शब्द त्याच्या हातात राहिले नाहीत, आणि १५६० साली गोव्यात धर्मचौकशीचे जे न्यायासन (इन्क्विझिशन) उभे राहिले, त्याच्या विचाराची एक मुळी इथवर येते.

तेव्हा बाबा, कॉन्स्टंटाइनविषयी जरूर बोला. गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर डागणी देण्याची शिक्षा त्याने बंद केली, कारण चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपात घडलेला आहे, हे सांगा. त्याचा विश्वास ढोंगी होता असे मी म्हणत नाही. फक्त ३१३पाशी थांबून "विजय" हा शब्द उच्चारू नका. ३८५पर्यंत या, आणि मार्टिनपाशी थांबा. तुमच्यासाठी मी प्लिनीचे पत्र, ट्रेजनचे उत्तर, एक दाखला आणि मिलानचे परिपत्रक यांचे मराठी भाषांतर करते आहे. अक्षर मोठे ठेवते, म्हणजे आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचायला त्रास होणार नाही. आई, दाखला वाचण्याचे काम तू घे. तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.

मे महिन्यात तुम्ही इकडे आलात की पहिल्याच रविवारी आपण त्या दालनात जाऊ. दारापासून मेजापर्यंतचे अंतर बरेच आहे, पण सावकाश चालू. मध्ये बसायला बाके आहेत.

तुमची लेक